शेजारणीसाठी डॉक्टर

नुकुआलोफा, टोंगा, ९ मार्च २००४

सालेसी,

आशीर्वाद शेवटी देईन, तोवर द्यावासा वाटला तर.

तीन वर्षांत मी तुला एक ओळ लिहिली नाही आणि आजही लिहिली नसती. चर्चच्या सभागृहात भावाबहिणींना एकाच बाकावर बसवून डॉक्टरकीच्या नावाखाली पडद्यावर बायकांची छाती दाखवणाऱ्या माणसाशी काय बोलायचं, हे मला कॉन्व्हेंटच्या सिस्टरांनी शिकवलं नाही. मी उठले आणि माझ्यामागे सगळं सभागृह उठलं, याचा तुला अजून राग आहे असं ऐकते. मलाही आहे. तेव्हा दोन्ही बाजू सारख्या झाल्या, आता कामाचं बोलू.

माझी एक शेजारीण आहे, फिफिता नावाची. तू ओळखत नाहीस, नवी आहे. वय एक्केचाळीस, शाळेत शिकवते, नवरा मालवाहू जहाजावर. तिला डाव्या बाजूला गाठ आहे. कुठे ते तूच समज, तुझा धंदाच तो आहे. नाताळात ती लिंबाच्या बीएवढी होती, आता अंगठ्याच्या पेराएवढी आहे. महिनाभरासाठी आलेल्या एका चिनी डॉक्टरीणबाईनं सुई टोचून पाहिली. निदान वाईट आहे. ते सांगून ती बाई विमानात बसली आणि मागे उरला इथला आपला सर्जन. मुलगा हुशार आहे, हात स्वच्छ आहेत. पण त्याची आजी आणि फिफिताची आजी चुलतबहिणी. म्हणजे भाऊच झाला. फिफिता म्हणते, "त्याच्यासमोर गुंडी काढण्यापेक्षा मला तशीच पेटीत घाला." आणि या देशात डॉक्टर झालेला प्रत्येक पुरुष कुणाचा ना कुणाचा भाऊ असतोच.

मला ऑकलंडमधलं एक नाव हवं आहे. बाई हवी. नुसती हुशार नको, हुशार बायका मी खूप पाहिल्या. जिच्या हाती मी माझं माणूस, म्हणजे माझी शेजारीण, सोपवून बाहेर बाकावर बसू शकेन अशी हवी.

फोन करू नकोस. फोन बैठकीत आहे आणि बैठकीत सदान्‌कदा कुणीतरी पसरलेलं असतं. हे पत्र फादर पेलेनातोंबरोबर पाठवते आहे. पाकिटाला चिकटपट्टी लावली आहे. तीस वर्षं मी बंदरावर जकातीच्या मेजामागे उभी होते, लोक पाकिटं कशी उघडतात ते मला कळतं.

लाविनिया बरी आहे. तू विचारलं नाहीस तरी सांगते. मागच्या खोलीत असते. चर्चमध्ये गायला जात नाही, घसा बसला आहे.

आत्या सिसिलिया

(आशीर्वाद उत्तर पाहून.)


नुकुआलोफा, २४ मार्च

सालेसी,

उत्तर मिळालं. "शेजारणीला सरळ माझ्याकडे पाठव, आत्या. ऑकलंडमध्ये ही ऑपरेशनं माझ्याइतकी कुणी करत नाही, मी स्वतः बघतो." मी नाव मागितलं आणि तू स्वतःचंच दिलंस. तुझ्या बापाचा स्वभाव तुझ्यात पुरता उतरला आहे. त्याच्याकडे नांगी मागितली तर तो अख्खा खेकडा आणून ठेवायचा आणि वर म्हणायचा, घे, मीच धरलाय.

तुझ्याकडे नको.

पुढे लिहितोस, "तू अजून सभागृहाचा राग धरून बसलीस आणि त्यापायी एका बाईचा जीव घालवशील." हे वाक्य मी दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचताना उभी राहिले. आत्येला असं लिहितात? तुझ्या बापानं जन्मात माझ्यापुढे आवाज चढवला नाही. बारा वर्षांचा झाल्यावर त्यानं माझ्या खोलीचा उंबरा ओलांडला नाही, माझं पांघरूण उन्हातून उचललं नाही, मी जेवत असले तर तो अंगणात थांबायचा. तुला हे जुनाट वाटतं. असो जुनाट. त्या जुनाटपणात मला एक दिवस कुणी वाईट नजरेनं पाहिलं नाही.

म्हणून आता एवढंच सांगते आणि पुढे विचारू नकोस. फिफिता नात्यानं तुझी बहीण लागते. अर्धं बेट तुझी बहीण लागतं, तेव्हा उगाच डोकं चालवू नकोस. तिच्या मानेवर सुरी ठेवली तरी ती तुझ्यापुढे झोपणार नाही, आणि झोपली तर तुझाच हात थरथरला पाहिजे. नाही थरथरला तर तू आमचा नाहीस.

तुझ्या प्रश्नांची उत्तरं: मुलं दोन, दोघांना अंगावर पाजलं. विडी नाही, दारू नाही. घराण्यात असं कुणाला झालं होतं का? नाही. कुणालाच नाही.

काल लाविनिया दारात येऊन उभी राहिली. "आई, इतकं काय लिहितेस?"

"पेन्शनचं लिहिते. अठरा महिन्यांचा फरक दिलेला नाही."

"पेन्शनवाल्यांना तू 'सालेसी' म्हणतेस?"

मी कागदावर हात ठेवला. तशी ती हळू आवाजात म्हणाली, "त्याला कळलं तर मी विमानात पाय ठेवणार नाही. सांगून ठेवते. मी उद्या मरीन, पण त्याच्या डोक्यात माझं हे चित्र राहू देणार नाही."

हे ती फिफिताबद्दल बोलत होती. दोघींची मैत्री आहे.

एका बाईचं नाव पाठव.

आत्या


नुकुआलोफा, ११ एप्रिल

सालेसी,

डॉक्टर लोमॅक्स. ठीक. बाई आहे, पंचावन्नची आहे, तुझ्या शेजारच्या खोलीत बसते, आणि तू लिहितोस, "माझ्या आईला झालं असतं तर मी हिच्याकडेच नेलं असतं." एवढ्यावर मी माणूस सोपवीन असं तुला वाटलं? तुम्ही डॉक्टर लोक एकमेकांची तारीफ करता ती मला ठाऊक आहे. बंदरावर दोन कप्तान एकमेकांची तारीफ करू लागले की मी दोघांच्याही पेट्या उघडायची.

तेव्हा मी चौकशी केली. सिस्टर इमाकुलाता तुला आठवत असेल, माझ्या वर्गातली, मी बाकावरच्या शेजारणीची बेरीज पाहिली तेव्हा मला पकडून देणारी. ती आता ऑकलंडच्या मठात असते. तिला मी सांगितलं की जा आणि त्या बाईच्या दाराबाहेर बस. ती सकाळभर बसली. तिनं लिहिलं ते असं: "बायका आत जाताना पिशवी छातीशी कवटाळून जातात. बाहेर येतात तेव्हा पिशवी हातात लोंबत असते. काही रडत येतात, पण रडत असताना पुढच्या भेटीची वेळ नीट लिहून घेतात. एक सामोअन म्हातारी बाहेर येऊन काय सांगितलं ते विसरली, परत आत गेली. पुन्हा विसरली, पुन्हा गेली. तिसऱ्यांदा डॉक्टर स्वतः बाहेर आली आणि तिच्याशेजारी बाकावर बसली. घाई तिला होती, सिसिलिया, मी पाहिलं. तिचा एक पाय सारखा हलत होता. पण चेहऱ्यावर आणली नाही."

इमाकुलाता देवासाठीसुद्धा खोटं बोलत नाही. मला बाई पसंत आहे.

आता वाईट बातमी. फिफिता गेल्या सोमवारी कुणाला न सांगता बोटीत बसून एउआ बेटावर गेली. तिथं एक बाई पाला वाटून बांधते. पाल्यानं ताप उतरतो, मुरगळलेला पाय बरा होतो, मी नाही म्हणत नाही. पण मी पोचले तेव्हा हिची कातडी भाजल्यासारखी लाल झाली होती आणि गाठीवर खळगा पडला होता, उशीत बोट रुतावं तसा. तुला कळेल खळगा म्हणजे काय. मला चिनी बाईनं सांगितलं होतं, खळगा पडला तर थांबू नका.

मी म्हटलं, "ऊठ, बोट पाचला सुटते."

ती म्हणाली, "इथं बरं आहे. इथं मला कुणी विचारत नाही."

"स्मशानातही कुणी विचारत नाही."

"तू सगळ्यांना असंच बोलतेस, म्हणून तुला कुणी काही सांगत नाही."

त्या पाला बांधणाऱ्या बाईनं मला हातानं गप्प बसवलं. तिला म्हणाली, "पोरी, आईबरोबर जा. माझ्याकडे ताप येतो, सूज येते. तुझं माझ्याकडचं नाही." मग ती उठली. बोटीत माझ्यापासून लांब बसली, पण माझी चटई तिनं पायाखाली घेतली.

आईबरोबर असं मी वर लिहिलं. फिफिताची आई येणार नाही, तब्येत नाजूक आहे, म्हणून मीच तिच्याबरोबर येते आहे.

एक अट आहे. ती ज्या इमारतीत निजेल त्या इमारतीत त्या दिवसांत टोंगाचा कुणी पुरुष डॉक्टर नसावा. ही अट तुला उद्देशून नाही, सर्वसाधारण आहे. ती कशी पाळायची मला माहीत नाही. अट पाळली नाही तर ती दारातून परत फिरेल, आणि आता परत फिरायला वेळ उरलेला नाही.

आत्या


ऑकलंड, सिस्टर इमाकुलाताच्या मठातून, ४ मे

सालेसी,

विमानतळावर इमाकुलातानं दोन रजया आणि तुझी चिठ्ठी हातात दिली. "आत्या, शेजारणीला इथली थंडी सोसणार नाही. तिला सांग, मी महिनाभर डनीडनच्या इस्पितळात काम करतो आहे, इथून हजारभर किलोमीटरवर. तिच्या कागदांवर माझी नजर पडलेली नाही, पडणारही नाही. लोमॅक्सला मी फक्त एवढंच म्हणालो, माझ्या गावची एक बाई येईल."

ही चिठ्ठी मी लाविनियाला वाचून दाखवली. तिनं रजई नाकापर्यंत ओढून घेतली. मग म्हणाली, "शेजारणीला सांग, रजई ऊबदार आहे."

तर आता फिफिताला तिच्या घरी पाठवू या. मला त्या नावाची शेजारीण कधी नव्हती. तुला हे कधीचं ठाऊक होतं ते तूच जाणे.

काल आम्ही लोमॅक्सबाईंकडे गेलो. लाविनियानं गुंड्या काढल्या. बाईंनी आधी हात चोळून गरम केले, आणि हात लावायच्या आधी दर वेळी सांगितलं, आता इथं, आता काखेत. लाविनिया माझ्याकडे न बघता छताकडे बघत होती, पण तिच्या खांद्यांवरचा ताण मला दिसत होता, तो उतरला. इथवर सगळं ठीक.

मग बाईंनी विचारलं, "आईकडे, बापाकडे, आजीला, मावशीला कुणाला असं?" लाविनिया म्हणाली नाही. बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, नाही.

बाई म्हणाल्या, "तसं असेल तर मी गाठ तेवढी काढते, बाकी राखते. घराण्यात असतं तर मी वेगळा विचार केला असता." ऑपरेशन परवा सकाळी.

सालेसी, मला रात्रभर डोळा लागला नाही. हे मी आधी तुला लिहिते आहे, कारण लिहिलं की बोलता येईल असं वाटतं.

तुझी आजी, माझी आई, हृदयाच्या झटक्यानं गेली नाही. तिची डावी छाती फुटली होती. सहा महिने ती मागच्या खोलीत झोपून होती आणि आम्ही दोघी बहिणी वास लपवायला नारळाचा काथ्या जाळत होतो. तुझा बाप दाराबाहेर बसून तिच्यासाठी मासा साफ करायचा आणि विचारायचा, आज कसं आहे? आम्ही म्हणायचो, पोट दुखतं. पुढे म्हणालो, हृदय. आईनंच वचन घेतलं होतं की पुरुषांच्या कानावर जाता कामा नये. ती तेव्हा चव्वेचाळीसची होती. पुढे माझी मोठी बहीण मालिया, तुझी मोठी आत्या, तीही तशीच गेली. तिलाही आम्ही हृदयच सांगितलं. अंघोळ घातली त्या बायकांना ठाऊक. त्यातली जिवंत मी एकटी आहे.

तुझा बाप मेला तो आपली आई हृदयानं गेली असं समजूनच. आणि त्याच्या पोटी तू आलास, दुसऱ्यांच्या आयांच्या छात्या वाचवणारा. आपल्या घरात कोण कशानं गेलं हे तुला सांगायची आमच्यात सोय नव्हती. लाविनियाला सांगितलं असतं, तर ती तुझी बहीण, तिला ते तुझ्यापासून लपवत जगावं लागलं असतं. म्हणून तिलाही सांगितलं नाही. इतकं नीट झाकलं आम्ही, की शेवटी डॉक्टरपुढेही माझ्या तोंडून 'नाही'च निघालं. जकातीच्या मेजावर मी हजार माणसांना विचारलं असेल, पेटीत काही आहे का? सगळे नाही म्हणायचे, माझ्याच चेहऱ्यानं.

लाविनिया अंघोळीला गेली आहे. तिला आधी सांगणार, मग दोघी बाईंकडे जाणार. ती रागावेल. रागावून परत जाते म्हणाली तर काय करायचं ते मला माहीत नाही.

पाणी बंद झालं.

आत्या


ऑकलंड, १२ मे

सालेसी,

तुझी चिठ्ठी मिळाली. "पहिल्याच पत्रात कळलं, आत्या. शेजारणीसाठी तू टपालाचं तिकीटसुद्धा कधी लावलेलं नाहीस." हे अपमानास्पद आहे आणि खरं आहे.

झालेलं सगळं क्रमानं लिहिते.

लाविनिया केस पुसत बाहेर आली. मी सांगितलं. ती म्हणाली, "आजी हृदयानं गेली."

मी म्हटलं, "हृदय त्याच बाजूला असतं."

तिनं टॉवेल खाली टाकला. मला वाटलं, आता कपडे भरते. तिनं कपडे भरलेच. सगळे भरले, पेटी बंद केली, तिच्यावर बसली, आणि विचारलं, "मालिया मावशीसुद्धा? तिच्या शवपेटीला मी हात लावला होता. मी तिच्या पायाशी गात होते."

"हो."

"आणि मला गाठ लागली तेव्हा तू नाताळभर मला सांगत होतीस, दूध साकळलं असेल. माझा धाकटा चौदा वर्षांचा आहे, आई."

ती तासभर पेटीवर बसून होती. इमाकुलाता दोनदा चहा ठेवून गेली आणि दोनदा गार झालेला घेऊन गेली. मग लाविनिया उठली आणि म्हणाली, "चल. पण तिथं तू बोलायचंस. मी पुन्हा तुझं 'नाही' ऐकणार नाही."

लोमॅक्सबाईंपुढे मी बोलले. इंग्रजी मला सिस्टरांनी चोख शिकवलं आहे, तरी आई कशानं गेली एवढं म्हणायला मला तीनदा सुरुवात करावी लागली. बाईंनी लिहिणं थांबवलं, पेन खाली ठेवलं. त्या रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. त्यांनी लाविनियाला पुढे घेऊन दोन्ही वाटा समजावल्या आणि निवडायला सांगितलं. लाविनिया म्हणाली, सगळंच काढा. तिनं माझ्याकडे पाहिलं नाही, आणि ते बरोबर होतं. रक्तही घेतलं, ते तपासायला जाईल. ते घराण्यातून आलेलं निघालं तर दुसऱ्या बाजूचाही विचार करावा लागेल.

मग बाई मला म्हणाल्या, "हे फक्त आईकडून येतं असं नाही, बापाकडूनही येतं. तुम्हाला भाऊ आहे?"

"होता."

"त्याला मुलं?"

"एक मुलगा."

"त्याला सांगायला हवं. तो काय करतो?"

मी म्हटलं, "तुमच्या शेजारच्या खोलीत बसतो."

त्यांनी खुर्चीत मागे टेकून मधल्या भिंतीकडे पाहिलं. मग एवढंच विचारलं, "त्याला मुली आहेत ना? दोघींचे फोटो मेजावर आहेत."

ऑपरेशन गुरुवारी झालं. डावी बाजू गेली. काखेतल्या दोन गाठी वाईट निघाल्या, बाकी स्वच्छ. पुढच्या महिन्यात शिरेतून औषध सुरू होईल, केस जातील. वाचेल का, असं मी विचारलं. बाई म्हणाल्या, "आज मला माहीत नाही. सहा महिन्यांनी आजच्यापेक्षा जास्त माहीत असेल, आणि जे माहीत असेल ते मी तुम्हाला सांगेन." अशा उत्तरावर मी बाहेर बाकावर बसू शकते. बसतेच आहे. काल लाविनियानं भाताची पेज घेतली आणि मला म्हणाली की मी फार जोरात श्वास घेते.

आता तुझं. तेलेसिया एकोणीसची, लोसे सोळाची. तुझ्या बापाची मी बहीण, तेव्हा तुझ्या घरात माझा शब्द शेवटचा, हे तू ऑकलंडमध्ये राहून विसरला असशील तर आठवण कर. लाविनिया शनिवारी इस्पितळातून सुटते. डनीडनहून ये आणि रविवारी प्रार्थनेनंतर दोन्ही मुलींना घेऊन मठावर ये. सांगायचं ते मी सांगणार. ज्यांनी अंघोळ घातली त्यांनीच पुढच्या बायकांना सांगायचं असतं, आणि आता ती मीच उरले आहे. लाविनियाही बसणार आहे. ती म्हणते, मुलींना काय झालं ते ऐकू देत आणि हवं तर बघू देत. तेव्हा तू आत येऊ शकत नाहीस. ते तुला सांगायची गरज नाही.

पण आजीचं, मालियाचं, तुझ्या बापापासून काय लपवलं त्याचं, मला एकदाच बोलता येईल. दुसऱ्यांदा मला जमणार नाही, आणि तुला कागदावरून नाही, माझ्या तोंडून कळावं असं मला वाटतं. आम्ही बसू ती खोली रस्त्याकडेची आहे. खिडकी उघडी असेल, थंडी असली तरी. मी मोठ्यानं बोलेन. म्हातारी झाले आहे, लोकांना वाटेल ऐकू कमी येतं.

गाडी खिडकीखाली उभी कर. आतच बस, तोंड रस्त्याकडे ठेव. काचा खाली घेऊन ठेव.

आशीर्वाद.

आत्या सिसिलिया